घरातली ट्रंक, समाजाचा संग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, उल्हासनगर आणि नवी मुंबईत बाहेरून येऊन वसलेल्या, किंवा इथून पुन्हा दुसरीकडे पांगलेल्या कुटुंबांचे कागद, फोटो आणि गाणी जपायला आम्ही काही जण मदत करतो. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. उदाहरणं मुख्यतः बेने इस्राएल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) आणि सिंधी घरांची आहेत, कारण विचारणारे बहुतेक तिथलेच. रीत मात्र कोणालाही वापरता येईल.

१. संग्रह म्हटलं की इमारत, कर्मचारी, निधी लागतो ना? आमच्याकडे आजीची पत्र्याची एक ट्रंक आहे, बास.

ट्रंक पुरते. आत काय आहे, कोणाचं आहे, कुठून आलं हे लिहिलेलं असलं आणि मागेल त्याला ते सापडलं, की झाला संग्रह. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचं शॉम्बर्ग केंद्र आज काळ्या लोकांच्या इतिहासासाठी जगभर ओळखलं जातं. त्याचा पाया म्हणजे पोर्टो रिकोहून आलेल्या आर्तुरो शॉम्बर्ग यांनी बँकेतली नोकरी सांभाळून घरात जमवलेली पुस्तकं आणि कागद. १९२६ मध्ये १०,००० डॉलरला तो साठा न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे गेला. तोवर तो एका माणसाच्या घरातलाच पसारा होता.

२. हे परदेशात गेलेल्यांसाठी आहे का? आम्ही तर तीन पिढ्या ठाण्यातच आहोत.

ठाण्यात राहूनही माणूस स्थलांतरित असू शकतो. उल्हासनगर वसलं तेच फाळणीनंतर, कल्याणच्या लष्करी छावणीत. सिंधमधून आलेल्यांना तिथल्या बराकी मिळाल्या, ८ ऑगस्ट १९४९ रोजी शहराची पायाभरणी झाली, आणि पत्त्यात 'कॅम्प नंबर' आजही लिहिला जातो. बेने इस्राएलांचं तर दुहेरी आहे. नवगावजवळ जहाज फुटून सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरागत कथा. पुढे शतकानुशतकं कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेले, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावं घेतली. तिथून मुंबई-ठाणे, आणि १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला. टेंभीनाक्याच्या परिसरातलं १८७९ चं शार हशामाईम सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) अजून नांदतं आहे, पण अनेक घरांचे अर्धे फोटो इथे आणि अर्धे इस्रायलमधल्या अश्दोदला, अशी स्थिती आहे.

३. सरकारी अभिलेखागारं आहेत, विद्यापीठं आहेत. मग आपण वेगळा उपद्व्याप का करायचा?

सरकार ठेवतं ते सरकारला लागणारं. मॉरिशसच्या गिरमिटियांचं, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचंच बघा. १८३४ पासून गेलेल्या लाखो मजुरांचा नंबर, वय, उंची, गाव, जहाज आणि पुढे पुढे फोटोसुद्धा तिथल्या दप्तरात आहे. वंशजांना त्याचा अतोनात उपयोग होतो, ते नाकारायचं कारण नाही. पण कोकणातून गेलेल्यांनी जाखडी (कोकणातला लोकनाच) तिकडे कशी नेली, कोणी कोणाला शिकवली, हे त्या दप्तरात मिळणार नाही. ते नाचणाऱ्यांच्या घरातच राहिलं.

दुसरं म्हणजे सरकार फेकूनही देतं. कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये आलेल्यांची बोटीवरून उतरतानाची कार्डं तिथल्या गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली. मग त्यांच्याकडेच तुम्ही इथले कशावरून, असं विचारलं जाऊ लागलं, आणि २०१८ मध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला. लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये त्या समाजाने १९८१ पासूनच 'ब्लॅक कल्चरल आर्काइव्ह्ज' हा स्वतःचा संग्रह उभा करायला घेतला होता, तो उगाच नव्हे.

बेने इस्राएलांनी हेच भोगलं आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या वेळी आईकडच्या पिढ्यांची चौकशी करायला सांगितलं. उपोषणं झाली, निदर्शनं झाली, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत असा ठराव केला. तुम्ही कोण, हे ठरवायला कोणी बसलं की आपल्या हातात आपले कागद असलेले बरे.

४. सुरुवात कुठून करू? स्कॅनर घेऊ का?

स्कॅनर थांबेल, आजी थांबणार नाहीत. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस आधी. फोटोंचा गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवा आणि मोबाईलवर आवाज मुद्रित करा. फोन फ्लाइट मोडवर, पंखा शक्य तितका हळू, आणि कुकर लावायची वेळ टाळा. शिट्टीने नेमकं नाव खाल्लं जातं.

'तुमच्या आठवणी सांगा' असं विचारलं की कोणीच काही सांगत नाही. 'यात डावीकडची कोण?', 'हा फोटो काढला कोणी?', 'त्या दिवशी जेवायला काय होतं?' असं विचारा. आमचा हमखास चालणारा प्रश्न आहे: 'या फोटोत असायला हवं होतं आणि नाही, असं कोण?' एका मालिद्याच्या (बेने इस्राएलांचा गोड पोह्यांचा विधी) फोटोवर हा प्रश्न टाकला तर अर्धा तास ज्या आजी हूं-हूं करत होत्या त्या सरसावून बसल्या. पोहे कोणी भिजवले, नारळ कोणी खवला, गूळ कमी पडला म्हणून शेजारच्या मराठे वहिनींकडून कसा आणला, आणि ज्या नणंदेने हे सगळं केलं ती फोटोत का नाही, तर ती स्वयंपाकघरात होती. घरोघरच्या अल्बममध्ये बायका अशाच गैरहजर असतात.

एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त ताणू नका. फाळणीच्या आठवणी असतील तर त्याहूनही कमी. रडू आलं तर मुद्रण थांबवा आणि पुढे चालवायचं का ते त्यांनाच ठरवू द्या.

५. नोंदीत नेमकं काय लिहायचं?

आमच्या मते सगळ्या कामाचा जीव इथे आहे. वस्तू कोणाच्याही कपाटात असो, तिच्यावर चिठ्ठी कोण लिहितं त्याच्या हातात तिचा अर्थ जातो. बाहेरचा माणूस लिहील: 'हस्तलिखित वही, मराठी, धार्मिक गीते.' घरच्यांनी सांगितलेली नोंद अशी असू शकते:

'कीर्तनाची वही. तांबड्या कापडाची बांधणी, पाठीमागे दुधाचा हिशोब. साक्या आणि दिंड्या आजोबांच्या अक्षरात, शेवटची चार पानं आजीच्या. योसेफाचं आख्यान, पान फाटलेलं. आजी ही चाल नाटकातल्या पदावरून घेतली म्हणायची. वही आजीकडून थोरल्या आत्याकडे, तिच्याकडून आमच्याकडे. सांगणार: नात, चरई.'

काय आहे, कोणी केलं, कोणाच्या हातातून आलं, कोण सांगतंय, कधी सांगितलं, आणि कोणाला दाखवायचं. शेवटच्या मुद्द्याबद्दल प्रश्न १३ पाहा. सणांची नावं घरातली लिहा: नव्याचा सण, दारफाळणीचा सण, खिरीचा सण. त्यांच्या शेजारी रोश हशाना, योम किप्पुर अशी हिब्रू नावंही लिहा, म्हणजे बाहेरच्यालाही शोधता येईल. पण पहिलं नाव घरातलं. अंदाज असेल तिथे 'अंदाजे' लिहा, आणि कोणाचा अंदाज तेही.

६. मोबाईलने काढलेले फोटो चालतील का?

कागद वाचता येण्यापुरते चालतात. खिडकीच्या बाजूने उजेड, फ्लॅश बंद, फोन कागदाला समांतर. जुन्या छोट्या फोटोंसाठी सपाट स्कॅनर बरा: फोटो ६०० डीपीआय (स्कॅनचा बारकावा), साधे कागद ३००. मूळ फाइल टिफ प्रकारात, वाटायला जेपीजी. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीतली तारीख तिथेच असते. आणि कृपा करून व्हॉट्सअ‍ॅपवर 'फोटो' म्हणून पाठवू नका, आकार चेपला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

७. पावसाळ्यात कागदांना बुरशी आणि कसर लागते. डांबरगोळ्या ठेवू?

कागदाला चिकटून तर नाहीच. खरं औषध हवा. जुलैतल्या ठाण्यात दमटपणा इतका असतो की बंद प्लास्टिकच्या पिशवीत कागद अक्षरशः घामेजतो. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट आणि गच्चीखालचा पोटमाळा, दोन्ही टाळा. जमिनीपासून वर, आतल्या भिंतीकडे, सुती कापडात किंवा साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या घालायच्या तर बदलत राहा.

लॅमिनेशन करू नका. हे मोठ्याने ओरडून सांगावंसं वाटतं. चिकटपट्टी, स्टेपलर, रबरबँडही नकोत. १९८०-९० च्या काळातले चिकट पानांचे अल्बम सगळ्यात वाईट, गोंद पिवळा पडून फोटो खातो. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून हळूहळू करवतीसारखा सरकवला तर बरेच सुटतात. सुटत नसेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा.

कागद भिजलेच तर उन्हात टाकू नका. मध्ये कोरे कागद घालून पंख्याखाली सुकवा. खूपच असतील तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते आणि सवड मिळते.

८. कॅसेट आहेत, टेपरेकॉर्डर नाही. लग्नातली गाणी आहेत त्यात.

आधी कॅसेटच्या मागच्या कडेवरच्या दोन टिकल्या मोडा, म्हणजे चुकून वरून काही मुद्रित होणार नाही. फितीवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी, वाजवू नका, जाणकाराकडे द्या. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून मग वाजवा, आणि केबल लावून संगणकावर घ्या. समोर मोबाईल धरून नव्हे. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सिंधी लाडे असोत की मेंदीची गाणी, कोण गातंय ते आत्ताच विचारून घ्या. आवाज ओळखणारी माणसं कमी होत जातात.

९. आजोबांची पत्रं सिंधीत आहेत, अरबी वळणाच्या लिपीत. घरात कोणालाच वाचता येत नाहीत.

उल्हासनगरहून येणारा हा सगळ्यात जास्त प्रश्न. १९६७ मध्ये सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत आली, पण अरबी की देवनागरी हा वाद घराघरात आधीच पोचला होता. आजोबा ५२ अक्षरांच्या अरबी-सिंधी लिपीत लिहायचे, नातू देवनागरीत किंवा रोमनमध्ये चॅट करतो. वाचणारे ज्येष्ठ अजून आहेत. त्यांना पत्र मोठ्याने वाचायला सांगून आवाज मुद्रित करा. लिप्यंतर नंतर सावकाश होतं. वाचणारा घरचाच असावा असं नाही, मात्र खासगी मजकूर असू शकतो, म्हणून आधी घरच्यांना विचारा. मोडीतल्या जमाखर्चाच्या वह्यांनाही हीच रीत, आणि मोडी वाचणारे तुलनेने सहज मिळतात.

१०. पत्र आमच्याकडे आहे, म्हणजे छापायचा हक्क आमचाच ना?

नाही. कागद ज्याला आलं त्याचा, मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा. घरात जपायला अडचण नाही, छापायचं असेल तर विचारा. स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचं उलट आहे: वेगळा करार नसेल तर १९५७ च्या कायद्यानुसार पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. पारंपरिक गाणं कोणाच्या मालकीचं नसतं, पण ते गाणाऱ्या बाईंचे कलाकार म्हणून हक्क असतात. आवाज मुद्रित करायच्या सुरुवातीलाच नाव, तारीख आणि संमती त्यांच्याच तोंडून घ्या. कागदावर सही घेण्यापेक्षा म्हाताऱ्या माणसांना हे बरं वाटतं.

११. एक संस्था मूळ अल्बमच मागते आहे. देऊ का?

घाई करू नका. एका कुटुंबाचा अल्बम प्रदर्शनासाठी म्हणून एका संस्थेने नेला, कागदावर काहीच नव्हतं, आणि आज तो कुठे आहे हे सांगायला तिथे कोणी नाही. अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई स्थलांतरितांचा 'साडा' हा डिजिटल संग्रह २००८ पासून वेगळ्या रीतीने चालतो: मूळ वस्तू घरातच, संग्रहाकडे फक्त स्कॅन आणि नोंद. ही रीत आम्हाला सगळ्यात पटते.

घरात जागाच नसेल, पुढे बघणारं कोणी नसेल, तर जरूर द्या. ठाण्यातच १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभं आहे, संस्था टिकतात. पण लेखी घ्या: कायमचं की उसनं, कोणाला दाखवणार, स्कॅन आम्हाला मिळणार का, संस्था बंद झाली तर कोणाकडे जाणार, आणि तुम्ही सांगितलेली नोंद शब्दशः ठेवणार का. शेवटच्या अटीवर कोणी कां-कूं केली तर आम्ही तरी देणार नाही.

१२. आम्ही कायमचे इस्रायलला चाललो आहोत. पणजोबांच्या वह्या सामानातून नेल्या तर चालतं ना?

इथे सांभाळा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित पुरावस्तूत येऊ शकतं, इतर वस्तूंना १०० वर्षांची अट आहे, आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. प्रत्येक जुनी वही त्यात बसतेच असं नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा, विमानतळावर वाद घालू नका. निघण्याआधी संपूर्ण स्कॅन करणं एवढं मात्र तुमच्याच हातात आहे.

१३. सगळं इंटरनेटवर टाकून मोकळं व्हावं का?

नको. आम्ही चार गट करतो: सगळ्यांसाठी, समाजापुरतं, घरापुरतं, आणि अमुक वर्षापर्यंत बंद. ऑस्ट्रेलियातले वारुमुंगू लोक स्थलांतरित नव्हेत, मूळनिवासी आहेत, पण अडचण हीच होती: मृतांचे फोटो कोणी पाहावेत, कोणती माहिती फक्त बायकांची, याचे त्यांचे नियम आहेत. त्यांच्याबरोबर काम करताना 'मुकुर्तू' ही संगणकप्रणाली तयार झाली, जिच्यात कोणाला काय दिसावं हे समाज ठरवतो. आपल्याला तेवढं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही, चार फोल्डर पुरतात. पण ठरवायचं घरच्यांनी, मदतनिसाने नव्हे. पत्ते, आजारपणं, दत्तक, मोडलेली लग्नं हे उघड्यावर टाकू नका.

प्रती मात्र भरपूर ठेवा: एकूण तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर, शक्यतो दुसऱ्या गावी. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी बदलापूर, उल्हासनगर, कल्याणच्या तळमजल्यांत शिरलं, तेव्हा शेजारच्या गल्लीत ठेवलेली प्रत कोणाच्याच कामाची नव्हती.

१४. जीर्ण झालेला धर्मग्रंथ आहे. तोही जपायचा?

सगळं जपायचंच असतं असं नाही. ज्यू रीतीप्रमाणे देवाचं नाव असलेले, वापरात न राहिलेले ग्रंथ वेगळे ठेवून नंतर कबरस्तानात पुरतात. ती रीत हेसुद्धा ज्ञानच, संग्रहाच्या हव्यासापोटी ती मोडायची नाही. सिनेगॉगच्या जाणत्यांना विचारा. ते हो म्हणाले तर समासातल्या नोंदी आणि पहिल्या पानावरची जन्म-मृत्यूची यादी यांचे फोटो आधी काढून घ्या. दुर्मीळ छापील प्रत असेल, उदाहरणार्थ १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेली हगादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी), तर पुरायच्या आधी जाणकाराला दाखवाच.

१५. काही गोष्टी लाजिरवाण्या आहेत. त्या गाळल्या तर?

बेने इस्राएलांत पूर्वी 'गोरे' आणि 'काळे' असे भेद होते आणि त्यांच्यात बेटीव्यवहार नव्हता. हे सांगताना ज्येष्ठ आवाज खाली करतात. उपेक्षित समाजातही कोणीतरी अधिक उपेक्षित असतंच, आणि समाजाचा संग्रह म्हणून फक्त पुढाऱ्यांच्या घरचे सत्काराचे फोटो जमले तर सरकारी दप्तरातला दोष आपणच पुन्हा केला. तेव्हा नोंदवा, पण ज्या घराला त्याची झळ बसते त्यांना विचारून, आणि हवं तर 'अमुक वर्षापर्यंत बंद' या गटात. खोडू नका.

१६. काका एक सांगतात, आत्या दुसरंच. खरं कोणतं धरायचं?

दोन्ही लिहा, नावानिशी. निवाडा करायला आपण बसलेलो नाही.

१७. पोरं तिकडे हिब्रू बोलतात. मराठी वही वाचणार कोण?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही उलट विचारतो: तिकडे मराठी संपली असं कोणी सांगितलं? इस्रायलमधल्या बेने इस्राएलांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. मालिदा तिकडेही होतो, मराठी गाणी तिकडेही म्हटली जातात. तरी नातवंडांसाठी तीन गोष्टी करा: गाण्याचा आवाज, गाण्याचा मजकूर देवनागरीत, आणि त्याच मजकुराचं हिब्रू किंवा रोमन अक्षरांत लिप्यंतर. भाषांतर शेवटी. चाल ओठांवर बसली की पोरं अर्थ आपणहून विचारतात. नोंदीही दोन्हीकडे ठेवा, म्हणजे अश्दोदच्या फोटोतल्या अनोळखी बाईला ठाण्यातलं कोणीतरी ओळखेल.

१८. मी या समाजातला नाही. तरी मदत करू शकतो का?

करा की. स्कॅनिंग, फाइलींना नावं देणं, खोकी, मोडी, सगळ्याला माणसं हवी आहेत. नोंद मात्र तुमच्या शब्दांत सुधारू नका. 'पोर्‍हं' म्हटलं असेल तर 'मुले' करू नका. घरी गेलात तर चहा नाही म्हणू नका, आणि बेने इस्राएल घरी जायचं असेल तर शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार सोडून वेळ ठरवा. रविवारी सकाळी अकरानंतर बहुतेकांना चालतं.